सातवी चूक

पडदा गेला, पण गज अजून तिथंच आहे. टॉकीजच्या डाव्या अंगाला भिंतीपासून खांबापर्यंत गेलेला, अंगठ्याएवढा जाड लोखंडी गज. त्यावर पितळेच्या सहा-सात कड्या राहिल्या आहेत. रविवारी सकाळी इथं जुने चित्रपट दाखवतात. त्या रविवारचा चित्रपट कोणता आहे हे बाहेरच्या पाटीवर वाचलं आणि लगेच रांगेत उभी राहिले. तिकीट काढून आत शिरले, तर पाय आपोआप डावीकडे वळले. खुर्च्या नव्या होत्या, भिंतींना पोपटी रंग दिलेला होता. मान वर केली तर कड्या. पंख्याच्या वाऱ्यानं एक कडी दुसरीवर हलकेच आपटत होती. एवढ्याशा आवाजानं हिन्याच्या अत्तराचा, ओल्या शालींचा आणि गरम फुटाण्यांचा वास आला. आजूबाजूला यातलं काहीच नव्हतं.

बावीस वर्षांपूर्वी इथं जनाना होता.

निजामाचं राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती तेव्हा. कचेऱ्यांतली भाषा बदलली होती, शाळेतली प्रार्थना बदलली होती, पोस्टाच्या पेटीचा रंगसुद्धा बदलला होता. जनाना मात्र होता तसाच होता. त्याला शेजारच्या गल्लीतून वेगळं दार. आत बाकं. बाकांच्या आणि पुरुषांच्या खुर्च्यांच्या मधे जाड हिरवा पडदा, जागोजाग ठिगळं लावलेला. दिवे चालू असेपर्यंत पडदा लावलेला असे. अंधार झाला की तो खर्रर्र करत सरके, म्हणजे बायकांना चित्र दिसे आणि पुरुषांना बायका दिसत नसत. मध्यंतराचे दिवे लागायच्या आत तो पुन्हा लावायचा, मध्यंतर संपलं की पुन्हा सरकवायचा, आणि शेवटी, चित्रपट संपायला दोन मिनिटं असतानाच, परत लावून घ्यायचा. हे सगळं रहमतखाला करायची.

उन्हाळ्यात ती पडद्यावर पाणी मारून ठेवी. ओल्या जाड कापडाचा वास आला की दुपार निम्मी थंड होई. पावसाळ्यात पत्र्यावर असा धडधडाट होई की पात्रांचं बोलणं ऐकू येत नसे. मग पुढच्या बाकावरची कुणीतरी ओठ बघून संवाद सांगे आणि पुष्कळदा मूळच्यापेक्षा चांगले सांगे. थंडीत बायका पाय वर घेऊन, शाली लपेटून बसत. पेरू फिरत. कुणाचं मूल कुणाच्या मांडीवर झोपलेलं आहे हे चित्रपट संपेपर्यंत कुणी बघत नसे. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते, पण तिथं अगदी मांडीवरचं मूल असल्यापासून जात होते.

रहमतखाला बुटकी, रुंद हाडाची, पांढऱ्या ओढणीतली बाई. दाराशी तिचं लाकडी स्टूल, हातात टॉर्च. पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षी ती कन्नड तालुक्यातून शहरात आली होती आणि शहागंजच्या मागच्या गल्लीत एका खोलीत राहत होती. का आली, बरोबर कोण होतं, हे कुणी विचारत नसे. त्या वर्षी गावोगाव काय झालं याबद्दल आमच्या शहरात हिंदू-मुसलमान दोन्हीकडची माणसं गप्प बसत.

तिचा एक नियम होता. मध्यंतर संपून अंधार झाला तरी, बाहेर पाणी प्यायला गेलेली शेवटची बाई आत येऊन दार लागल्याशिवाय ती पडद्याची दोरी ओढत नसे. गल्लीच्या दारातून उजेड येई, पडदा उघडा असला तर त्या उजेडात बायका दिसल्या असत्या, हे झालं एक कारण. तिकडे चित्र सुरू होई. पडद्यामागून नुसते आवाज येत. बायका कुरकुर करत. आमच्या शेजारच्या सुलतानाआपा, ज्या सगळ्या जनान्याला हसवत, त्या ओरडत, "खाला, खोलो जी, वहाँ शादी हो जाएगी हीरो की." खाला दाराकडंच तोंड करून म्हणे, "एक बाहेर हाय अजून."

मिनिट जाई, कधी दीड. कुणाचं फार बिघडत नसे, कारण मध्यंतरानंतर बहुतेक चित्रपटांत गाणंच असे.

या चित्रपटात नव्हतं.

त्याचं खरं नाव भारदस्त होतं. जनान्यात ते कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. आम्ही त्याला कोटवाल्याचा पिच्चर म्हणायचो. एका जुन्या कोठीत खून होतो आणि त्याचा शोध घ्यायला लांब कोट घातलेला, चाळिशीचा, खोकणारा एक माणूस येतो. देखणा अजिबात नाही. मेलेल्याच्या घरात शिरताना तो उंबऱ्याबाहेर चपला काढतो. डिटेक्टिव्हनं चपला काढलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या. तो कुणाला दरडावत नाही, पिस्तूल काढत नाही. नोकरांना प्रश्न विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो. खरंच थांबतो. पडद्यावर दोन दोन मिनिटं कुणी बोलत नाही, फक्त भिंतीवरचं मोठं घड्याळ टिकटिकतं आणि जिन्याच्या कठड्याच्या सावल्या त्याच्या तोंडावरून सरकतात. एरवी जनाना क्षणभर गप्प नसे. त्या टिकटिकीत फुटाणे खाणारी तोंडंसुद्धा थांबत.

आणि चुका? चुका तर ढीगभर होत्या. मेलेला मालक गालिच्यावर पडलेला असतो आणि त्याचं पोट चक्क वर-खाली होतं. देशमुखकाकू, ज्या घरात मोठ्यानं बोलतही नसत, त्या इथं म्हणाल्या, "अगं, अजून जीव हाय त्याच्यात. खुनी मागून शोधा, आधी डाक्टर बोलवा." खिडकीबाहेरचा चंद्र कापडावर रंगवलेला होता आणि कापडाला घडी पडली होती. सुलतानाआपा दर वेळी म्हणत की चाँद इस्त्री करायला विसरले. डिटेक्टिव्हचं मनगटी घड्याळ डाव्या हातातून उजव्या हातात जाई. एकच घोडागाडी, एकच कुबडा गाडीवान, तीनदा रस्त्यावरून जाई. जिन्याच्या भिंतीवर वरून एक लांबट सावली लोंबे. ती माइकची होती, हे मला एका मासिकात वाचून माहीत होतं. पण जनान्यानं ती खुन्याची ठरवली होती. छपरावर कुणीतरी काठी घेऊन बसलाय, असं त्यांचं ठाम मत. आणि खरं सांगते, त्या सावलीनं त्या जिन्यावर जेवढी भीती वाटली तेवढी खऱ्या खुन्यानंही वाटली नाही.

मी तो तीनदा पाहिला. चुका वहीत लिहून घेतल्या. हे असं का केलं, ते सांगायचं तर आमच्या घराबद्दल बोलावं लागेल.

आमच्या घरात पत्रकं राहत होती, आम्ही त्यांच्या अवतीभवती राहत होतो. निजामाच्या राज्यात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्रकं लिहिली, छापली, वाटली. त्यांचा एक जाड लोकरी कोट होता. त्याच्या अस्तरात शिवलेल्या खिशातून पत्रकं गावोगाव गेली होती. राज्य गेलं, अण्णा शाळेत मास्तर झाले, पण माडीवर सायक्लोस्टाइलचं यंत्र राहिलं. स्टेन्सिलच्या मेणकागदाचा आणि शाईचा वास घरात कायमचा मुरला होता. मी अक्षरं शिकले ती उरलेल्या पत्रकांवरून. 'बंधुभगिनींनो' हा मी वाचलेला पहिला मोठा शब्द. जे चुकीचं आहे ते कागदावर लिहून चव्हाट्यावर लावायचं, एवढा एकच धर्म मला घरातून मिळाला, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

म्हणून वही. वहीत सहा चुका झाल्या. सातवी सगळ्यांत मोठी होती. मध्यंतराच्या आधी डिटेक्टिव्ह कोठीच्या फाटकापाशी मुसळधार पावसात उभा असतो. कोटातून पाणी निथळत असतं. घड्याळात पाच वाजतात. मध्यंतर. आणि मग तो एकदम दिवाणखान्यात उभा, घड्याळात सात, कोट खडखडीत वाळलेला. आणि तो थेट मालकाच्या भावाजवळ जाऊन शांतपणे म्हणतो, "तुम्ही रोज घड्याळाला किल्ली देता म्हणालात. किल्लीला तर जाळं लागलंय." भाऊ तोंड फिरवतो. शेवटी खुनी तोच निघतो. पण कुठली किल्ली, कुठलं जाळं? आम्हाला दाखवलेलंच नाही ते! एवढा सुंदर चित्रपट, आणि ऐन मोक्याच्या जागी प्रेक्षकाला फसवतो. मला त्याचा संताप आला. आवडत्या माणसानं खोटं बोलावं तसा.

पुराव्याशिवाय लिहायचं नाही, हे अण्णांचं वाक्य. म्हणून मी प्रयोग केला. कोट दोन तासांत वाळतो का? घरात कोट एकच होता. शाळेतून अण्णा यायच्या आधी मी तो हौदात बुडवला आणि पडवीत, सावलीत, दोरीवर टाकला. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ओला होता. त्याच्या अस्तरातून निळसर पाणी ठिबकलं. हात घातला तर लगद्याचा गोळा आला. त्या खिशात एक पत्रक राहून गेलं होतं, इतकी वर्षं, न वाटलेलं. अण्णांनी तो गोळा हातात घेतला, उलटसुलट केला. अक्षर एकही उरलं नव्हतं. ते मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "कुठल्या गावाचं होतं, कुणास ठाऊक." आणि तो गोळा त्यांनी तुळशीच्या मातीत पुरला.

मी पत्रक लिहिलं. 'प्रेक्षकांनो, डोळे उघडा!' सात चुका, सातवी ठळक. साठ प्रती काढल्या. शाईनं बरबटलेल्या हातांनी दुपारच्या खेळाआधी टॉकीजच्या मोठ्या फाटकावर उभी राहिले आणि येईल त्याच्या हातात कागद देऊ लागले. पुरुषांची गर्दी जमली. फाटकावर तिकिटं फाडणाऱ्या काशिनाथला वाचता येतं याचा मोठा अभिमान, तो पत्रक मोठ्यानं वाचू लागला. पोट हलण्याला लोक हसले. चंद्राच्या घडीला हसले. मी उंच झाले. सातवीपाशी तो थांबला.

"ताई," तो म्हणाला, "कोट वाळतो की. चुलीपाशी."

"कुठल्या चुलीपाशी?"

"इंटरव्हल संपल्या संपल्या. कोठीतली म्हातारी स्वयंपाकीण त्याला आत घेती, कोट चुलीपाशी टांगती. कुणीच काय बोलत नाय. म्हातारी नुस्ती भिताडाकडं बघती. तिथं खिळ्याला घड्याळाची किल्ली, आन् किल्लीवर कोळ्याचं जाळं. लई भारी सीन हाय." मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यानं कागदाची घडी केली, आवाज खाली आणला. "तुमच्या बाजूला दिसत नसंल."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. चाळीस-पन्नास पुरुषांनी माझ्याकडे ज्या समजूतदार नजरेनं पाहिलं, ती नजर मला अजून सहन होत नाही. चित्रपटातला सगळ्यांत चांगला प्रसंग, जिथं एक शब्द नाही, फक्त पावसाचा आवाज आहे, तो आम्ही पडद्यामागं कुरकुरत, मुलं सावरत घालवला होता. आणि मी त्याला चूक म्हणून छापलं होतं.

घरी येईपर्यंत मी रडले नाही. माडीवर चढले आणि दुसरं स्टेन्सिल लावलं.

दुसऱ्या पत्रकात विनोद नव्हता. 'अर्ध्या शहराला पुरता चित्रपट, अर्ध्या शहराला अपुरा!' असा मथळा. राज्य बदललं, पडदा का बदलला नाही? आम्ही तेवढंच तिकीट काढतो, मग दीड मिनिट आमचं कुठं जातं? पडदा काढा. अण्णांनी वाचलं, एक शब्द बदलला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. आई पोळ्या लाटत होती. तिनंही वाचलं, पिठाची बोटं कागदाला लागू न देता. मग म्हणाली, "बरोबर लिहिलंस. रहमतबीला विचारलंस का? सुलतानाला?"

"हक्काचं विचारायचं काय असतं, आई?"

ती पुन्हा लाटायला लागली. "विचारायचं नसतं," ती म्हणाली, "सांगायचं तरी असतं."

मी सांगितलं नाही. पत्रक शहागंजात वाटलं, शाळेत वाटलं, टॉकीजच्या मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवलं. दोन कार्यकर्ते अण्णांच्या ओळखीचे, तेही मालकाला भेटले. तिसऱ्या आठवड्यात पडदा निघाला. काढायला दोन माणसं शिडी घेऊन आली होती. हिरवा पडदा खाली पडला तेव्हा त्यातून इतकी धूळ उठली की सगळी शिंकू लागली. अण्णा म्हणाले, एका पत्रकानं पडदा पाडला, आमच्या हातून एवढं कधी झालं नव्हतं. मला वाटलं होतं, आता सगळ्याजणी टाळ्या वाजवतील.

पुढच्या दुपारी जनान्यात मी, आई आणि शाळेतल्या तीन बाई होतो. बाकी बाकं रिकामी. पुरुष मान वळवून बघत होते, मग बघेनासे झाले. सुलतानाआपांना घरून नाही म्हणून सांगण्यात आलं. देशमुखकाकूंनाही. पडदा नसलेल्या ठिकाणी आमच्याकडच्या बायका जात नाहीत, हे दोन्ही घरांनी सारख्याच शब्दांत सांगितलं. सुलतानाआपा भिंतीवरून आईशी बोलत, मी दिसले की हसत. पण चित्रपटांवरून एकही चेष्टा त्यांनी नंतर केली नाही. दाराशी स्टूल नव्हतं. पडदा नाही तर पडदा ओढणारी कशाला?

मी आठवडाभर थांबले. मग एका दुपारी एकटी शहागंजच्या मागच्या गल्लीत गेले. गल्लीत कबाबाच्या धुराचा वास होता, एक बकरी दारात आडवी बसली होती. खालाची खोली एका हातात मावेल एवढी. ती चुलीसमोर बसून भाकरी थापत होती. मला वाटलं होतं ती दार लावून घेईल, किंवा शिव्या देईल. त्यासाठी मी वाक्यं तयार करून गेले होते. तिनं मागं न बघता पाट सरकवला.

"बस. भाकर खाती का?"

मी बसले. तयार वाक्यं एकेक करून विसरले. शेवटी म्हणाले, "खाला, पडदा माझ्यामुळे गेला."

"व्हय. कागद वाचून दावला मला." तिनं भाकरी उलटली. "चांगला लिवला होता."

"तुमचं काम गेलं."

"गेलं." तिनं भाकरी तव्यावरून जाळाकडं सरकवली. "गोधड्या शिवती आता. हात हायेत." मग एकदम माझ्याकडं वळली, आणि तिच्या तोंडावर असा भाव आला की तो मला तिच्यावर कधी दिसला नव्हता, एखाद्या हट्टी मुलीसारखा. "पोरी, खुनी कोन निघाला?"

"कुठला खुनी?"

"कोटवाल्याच्या पिच्चरमधी. कोन निघाला?"

वीस तरी खेळ तिच्या समोर झाले होते त्या चित्रपटाचे. पण तिचं तोंड कायम आमच्याकडं आणि दाराकडं असे. आणि शेवट यायच्या आधी तिला पडदा लावायचा असे, बायकांना शेवटचे संवाद ऐकत ऐकतच बुरखे, पदर सावरायचे असत. इतकी वर्षं त्या टॉकीजमधे काढून तिनं एकही चित्रपट शेवटपर्यंत पाहिला नव्हता. आमचं दीड मिनिट गेलं म्हणून मी सगळं शहर डोक्यावर घेतलं होतं.

मी तिला चित्रपट सांगितला. पहिल्यापासून. उंबऱ्याबाहेरच्या चपला, खोकला, जिन्यावरच्या सावल्या, घड्याळाची टिकटिक मी जिभेनं करून दाखवली. मेलेल्याचं पोट हललं तेव्हा ती ओढणी तोंडाला लावून हसली. चंद्राची घडी, तीनदा गेलेली घोडागाडी, सगळ्या चुकांसकट सांगितला, कारण चुकांशिवाय तो आमचा चित्रपट झाला नसता. मग फाटक आलं, पाऊस आला, पाच वाजले. तिथून पुढचं मी काशिनाथनं सांगितलेलं सांगितलं. म्हातारी स्वयंपाकीण, चूल, टांगलेला कोट. कुणी बोलत नाही.

खालानं विचारलं, "मंग तिनं त्याला चहा दिला का?"

"माहीत नाही, खाला. मी बघितलं नाही."

"मी बी नाय," ती म्हणाली. आणि आम्ही दोघी हसलो, बकरी उठून उभी राहिली इतक्या मोठ्यानं.

निघताना मी तिला विचारलं की ती दर वेळी एवढी का थांबायची. सुलतानाआपा ओरडायच्या, मालकही एक-दोनदा बोलला होता. दार पटकन लावून घेऊन पडदा उघडता आला असता.

ती चुलीतला जाळ मागं ओढत होती. "दार लावून घेतलं आन् एक बाहेर राहिली, असं एकदा बघितलंय मी," ती म्हणाली. "माझ्या हातानंच लावलं होतं." तिनं भाकरीवर लाल तिखट घालून मला दिली आणि ती मी गल्लीतून चालता चालता खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं, असं मी त्या दिवशी वहीत लिहिलं आहे.

त्यानंतर मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. कन्नडला परत गेली, असं कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, हैदराबादला भाचीकडे. बकरी मात्र दारात होती.

मी अजूनही पत्रकं लिहिते. आता ती एका साप्ताहिकात छापून येतात आणि त्यांना लेख म्हणतात, एवढाच फरक. पडदा जायला हवा होता का? हवा होता. आज कुणी विचारलं तर याच्याहून मोठ्या आवाजात सांगेन. सुलतानाआपांची नात आता मैत्रिणींबरोबर या टॉकीजमधे येते, उघड्या खुर्चीवर बसते, पाय वर घेऊन पेरू खाते. मी तेव्हा बरोबर होते, हे वाक्य मी पुष्कळदा लिहिलंय. दर वेळी त्याच्यापुढं अजून एक वाक्य यायला हवं असं वाटतं आणि ते येत नाही.

तर, परवाचा रविवार. मी जनान्यातल्या जागी बसले होते. माझ्या ओळीत एक म्हातारे गृहस्थ, मागं कॉलेजातली मुलं. प्रिंट जुनी झाली होती, पडद्यावर पावसाळा सुरू व्हायच्या आधीच ओरखड्यांचा पाऊस पडत होता. मेलेल्याचं पोट हललं तशी मुलं खो खो हसली. त्यांचं हसणं मला आवडलं नाही. आम्हीही हसायचो, पण आम्ही त्या चित्रपटाच्या घरातल्या होतो. माइकची सावली आली. छपरावर काठी घेऊन बसलेला माणूस, मी मनात म्हटलं, अजून उतरला नाही. घड्याळाच्या टिकटिकीत मात्र तीच मुलं गप्प झाली. चाळिशीचा तो खोकणारा माणूस थांबला, थांबून राहिला. मी आता त्याच्या वयाच्या जवळ जायला लागले आहे. एवढं थांबणं किती अवघड असतं, हे मला पंधराव्या वर्षी कसं कळणार होतं!

फाटक. पाऊस. पाच. मध्यंतर.

मी जागची हलले नाही. पाणी प्यायला गेले नाही. बावीस वर्षं राहिलेलं दीड मिनिट आता समोर येणार होतं. किल्लीवरचं जाळं बघायचं होतं. आणि त्याहून जास्त, तिनं त्याला चहा दिला का ते. दिवे मालवले. पावसाचा आवाज सुरू झाला, तोच, पडद्यामागून ऐकलेला. पडदा नव्हता. धुरकट स्वयंपाकघर उजळायला लागलं, चुलीचा जाळ दिसला, एका म्हाताऱ्या बाईची पाठ.

तेवढ्यात गल्लीकडचं दार वाजलं. उजेडाची चीर आत आली. कडेवर मूल, हातात पाण्याची बाटली घेतलेली एक बाई दारात अडकली होती. दाराला स्प्रिंग लावलेली, ते तिच्या अंगावर पुन्हा पुन्हा मिटत होतं. मुलाचं डोकं चौकटीला लागेल म्हणून ती ते हातानं झाकत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, दार लावा ना."

मी उठले. गुडघे समोरच्या खुर्चीला आपटत, म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायांवरून, दारापर्यंत गेले आणि दार धरलं.

"सुरू झाला का?" तिनं कुजबुजत विचारलं.

"आत्ताच. सावकाश या."

ती आत आली, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, चप्पल सुटली होती ती पायानं चाचपली. मी बाहेर गल्लीत डोकावले. उन्हात कुणी नव्हतं. तरी थोडी थांबले. मग दार हळूच लावलं, आवाज होऊ न देता, आणि अंधारात चाचपडत माझ्या जागेवर येऊन बसले.

घड्याळात सात वाजले होते. कोट वाळला होता.